परदेशी शिकायला जाण्याची शिष्यवृत्ती : घरातून कोणती तयारी लागते?



गटाची बैठक संपली, बचतीचे पैसे मोजून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की आपण थोडं निवांत बोलतो. कुणाच्या सोयाबीनचा भाव, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या पोरीची दहावी. अलीकडे या गप्पांत एक नवा प्रश्न यायला लागला आहे. "ताई, मुली म्हणे शिष्यवृत्ती मिळवून परदेशी शाळेत, कॉलेजात शिकायला जातात. आपल्या पोरींना जमेल का हो?"

आम्ही सहयोगिनी गावोगावच्या गटांत जातो, तिथे हा प्रश्न ऐकतो. म्हणून आजचं बोलणं त्यावरच. जमेल का, तर जमेल. पण ही तयारी अर्जाची जाहिरात आल्यावर करून चालत नाही, वर्ष-दोन वर्षं आधी घरातून सुरू करावी लागते. आमच्या पाहण्यात हुशार मुली मागे राहतात त्या तीन कारणांनी. माहिती उशिरा कळते, कागद जुळत नाहीत, आणि घरातून "नको" येतं. या तिन्ही गोष्टींत आईला आणि गटाला पुष्कळ काही करता येतं.

एक्स्चेंज म्हणजे काय?

एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण. आपली मुलगी काही महिने किंवा एक वर्ष दुसऱ्या देशातल्या शाळेत, कॉलेजात शिकते आणि मुदत संपली की परत येते. तिथली मुलंही तशीच आपल्याकडे येतात. यात कायमचं परदेशी राहणं नाही आणि नोकरीही नाही. पाहुणी म्हणून जायचं, शिकायचं, आपलं तिथे सांगायचं, तिथलं इथे आणायचं.

शाळेच्या वयाच्या मुली साधारणपणे तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. त्याला यजमान कुटुंब म्हणतात. कॉलेजच्या मुली वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. पूर्ण पदवी परदेशात घेणं ही याहून वेगळी गोष्ट. तिच्या शिष्यवृत्त्याही वेगळ्या. अर्ज करताना या दोन्हींची गल्लत होते, म्हणून आधी हे सांगितलं.

पहिली वाट : शाळेच्या वयात

अमेरिकेच्या सरकारने २००२ साली केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी नावाचा कार्यक्रम सुरू केला. थोडक्यात त्याला 'येस' म्हणतात. ज्या देशांत मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे त्या देशांतल्या मुलांसाठी तो सुरू झाला आणि भारतातली मुलंमुलीही त्यातून गेली आहेत. वय साधारण १५ ते १७. मुलगी एक शालेय वर्ष अमेरिकेतल्या कुटुंबात राहते आणि तिथल्या हायस्कुलात जाते. विमानाचं जाण्यायेण्याचं भाडं, आरोग्य विमा, राहण्याची सोय आणि हातखर्चाला दर महिन्याला थोडी रक्कम शिष्यवृत्तीतून मिळते. असे कार्यक्रम सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे जागा आणि तारखा बदलतात. यंदा अर्ज सुरू आहेत का, हे आधी अधिकृत संकेतस्थळावर पाहायचं आणि मगच मुलीला आशा लावायची.

दुसरी वाट : कॉलेजात असताना

काही विद्यापीठांचा परदेशी विद्यापीठांशी करार असतो. अशा करारात मुलगी एक सत्र तिकडे शिकते, फी मात्र आपल्याच कॉलेजात भरते, आणि तिकडचे गुण इकडच्या पदवीत धरले जातात. राहण्याजेवणाचा आणि प्रवासाचा खर्च उरतो. त्यासाठी शिष्यवृत्ती शोधायची. युरोपात १९८७ साली इरॅस्मस ही योजना सुरू झाली. आता तिच्यातून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही अशा देवाणघेवाणीसाठी पैसे मिळतात, मात्र दोन्ही विद्यापीठांचा आपसात करार असावा लागतो. म्हणून मुलीने कॉलेजात प्रवेश घेतल्यावर पहिल्याच वर्षी विचारायचं, "सर, आपल्या विद्यापीठाचा बाहेरच्या कुठल्या विद्यापीठाशी करार आहे का?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरी वाट : पदवी झाल्यावर

इरॅस्मस मुंडुस नावाची शिष्यवृत्ती पदवीधरांसाठी आहे. त्यात एकच अभ्यासक्रम निदान दोन देशांत फिरून पूर्ण करायचा असतो. फी माफ होते आणि महिन्याला १४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. आपल्या पैशात ही रक्कम महिन्याला लाखाच्या वर जाते. पण प्रवास, व्हिसा, घरभाडं, जेवण सगळं त्यातूनच भागवायचं असतं.

आपल्या सरकारच्या शिष्यवृत्त्या मात्र पूर्ण पदवीसाठी आहेत, एक्स्चेंजसाठी नाहीत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. त्या अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. वय ३५ पर्यंत, आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत लागतं. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्यात ७५ जागा आहेत. आदिवासी विकास विभाग आणि इतर मागास बहुजन कल्याण विभाग यांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. अटी वर्षावर्षाला बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचायची. शेजारणीने गेल्या वर्षी काय सांगितलं त्यावर जायचं नाही.

मुलींसाठी राखीव जागा ही साधी गोष्ट नाही, मैत्रिणींनो. आपल्या नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि पदवीच्या परीक्षेत वरच्या नंबराने पास झाली. त्या गुणांवर इंग्लंडला शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती बाई आहे म्हणून तिला नाकारली. शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी पैसे उभे केले, तेव्हा १८८९ साली ती ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. तिला जे नाकारलं गेलं, ते आज नियमाने आपल्या मुलींच्या नावावर राखून ठेवलेलं आहे. आता अर्जच केला नाही तर ती राखीव जागा असून काय उपयोग?

"एवढ्या लांब पोरीला सांभाळणार कोण?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि यायलाच हवा. जी आई हे विचारत नाही तिचीच आम्हाला काळजी वाटेल.

अमेरिकेत शाळेच्या वयाच्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी सरकारी नियम आहेत. यजमान घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. मुलीला झोपायला स्वतंत्र पलंग द्यावा लागतो. खोलीत आणखी कुणी असेल तर ती मुलगीच असली पाहिजे. संस्थेचा एक स्थानिक माणूस नेमलेला असतो आणि त्याने दर महिन्याला मुलीशी बोलायचं असतं. घरी त्रास झाला, तर मुलीने या माणसाला सांगायचं. घर बदलून मिळू शकतं. हे जायच्या आधीच मुलीला नीट समजावून द्या. "सांभाळून घे गं, लोकांचं घर आहे" असं शिकवून पाठवू नका. त्रास झाला तर पहिल्याच दिवशी बोल, असं सांगून पाठवा.

परक्या घरात राहून शिकणं आपल्याला नवीन नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा आधी न्यू जर्सी राज्यात कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या. दोघींची ओळख पत्रांतून झालेली. आजच्या भाषेत ते यजमान कुटुंबच. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि आजारपण त्यांना सोसलं नाही, आणि १८८७ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी त्या गेल्या. म्हणून तब्येतीची गोष्ट कधी लपवायची नाही. मुलीचं रक्त कमी असेल, दमा असेल, पाळीचा त्रास असेल तर अर्जातल्या वैद्यकीय फॉर्मवर खरं लिहायचं. "सांगितलं तर घेणार नाहीत" या भीतीने लपवलेलं दुखणं परक्या गावात महागात पडतं. शाकाहारी असेल, रोजे धरत असेल तर तेही लिहायचं, म्हणजे त्याप्रमाणे घर शोधता येतं.

"वर्ष वाया जाईल का?"

शाळेच्या वयात गेली तर इथलं एक वर्ष मागे पडू शकतं, कारण परत आल्यावर तिला इथल्याच वर्गात बसून बोर्डाची परीक्षा द्यायची असते. जायच्या आधी मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना भेटून विचारायचं : प्रवेश टिकेल का, कुठल्या वर्गात बसवाल, कुठले कागद आणावे लागतील? उत्तर लेखी घ्यायचं. एक वर्ष मागे पडणं घराला परवडेल का, हे घरानेच ठरवायचं. पण मुलाचं वर्ष मागे पडलं तर आपण "अनुभव मिळाला" म्हणतो आणि मुलीचं पडलं तर लग्नाचा हिशोब काढतो, एवढं मात्र आपण आपल्याशी कबूल करू या.

कागद : सगळ्यात जास्त अडतं ते इथेच

मुलगी सातवी-आठवीत असतानाच एक फाईल करा. तिच्यात पुढचे कागद हवेत.

पहिला जन्माचा दाखला. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी" असतं, किंवा पाळण्यातलं नाव असतं. ग्रामपंचायतीत जाऊन नाव नोंदवून घ्या.

दुसरा शाळेचा दाखला आणि आधार. शाळेत वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर नुसतं नाव-आडनाव, आणि इंग्रजीत एका ठिकाणी एक अक्षर जास्त. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं, पासपोर्टच्या खिडकीवर तेवढ्यावरच फाईल परत येते. सगळीकडे एकच नाव, एकच जन्मतारीख, एकच स्पेलिंग करून घ्या. आईचंही बघा. लग्नात तुमचं नाव बदललं असेल तर मुलीच्या कागदावर तुमचं कुठलं नाव आहे आणि तुमच्या आधारवर कुठलं, हे जुळवा.

तिसरा उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो. तो कुठल्या वर्षापर्यंत चालतो ते पाहून ठेवा. आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. पडताळणीला महिने लागतात, म्हणून ती शेवटच्या महिन्यावर सोडायची नाही.

चौथा पासपोर्ट. १८ वर्षांखालच्या मुलीसाठी फी १००० रुपये आणि मोठ्या व्यक्तीसाठी साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये. अर्ज ऑनलाइन भरून तारीख घ्यायची. आता बऱ्याच मोठ्या पोस्टांतही पासपोर्टचं केंद्र असतं, आपल्या जवळचं कुठलं ते अर्ज भरताना दिसतं. लहान मुलीच्या अर्जासोबत आईवडील दोघांची संमती द्यावी लागते. आपल्या गटांत एकल महिला आहेत. कुणाला नवऱ्याने सोडलं आहे, कुणाचा नवरा सही द्यायला तयार नाही. त्यांनी हाय खायची नाही. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल, तर कारण सांगून एकट्या आईने प्रतिज्ञापत्र देण्याची सोय नियमात आहे. अर्जात आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं.

निवडीत बघतात तरी काय?

गुण बघतात, इंग्रजी बघतात. पण त्यावर सगळं ठरत नाही. निबंध लिहायला देतात, मुलाखत घेतात, काही ठिकाणी मुलांना गटात बसवून एखादं काम देतात आणि कोण कसं वागतं ते पाहतात. ही मुलगी परक्या घरात निभावेल का, अडचण आली तर बोलेल का, स्वतःच्या गावाबद्दल चार गोष्टी सांगू शकेल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

इथे आपल्या पोरींजवळ पुष्कळ भांडवल आहे. निबंधात बहुतेकजणी लिहितात, "आमची परिस्थिती गरीब आहे, मला संधी द्या." परिस्थिती उत्पन्नाच्या दाखल्यावरून कळतेच. निबंधात आपण काय केलं ते लिहायचं. आईला लिहिता येत नव्हतं तेव्हा गटाचं इतिवृत्त कुणी लिहिलं? व्याजाचा हिशोब कुणी तपासला? आजीला बँकेत कोण घेऊन गेलं? टँकरच्या रांगेतलं भांडण कुणी मिटवलं? मुलीला हे रोजचं काम वाटतं, म्हणून ती लिहीत नाही. तुम्ही तिला आठवण करून द्या. ते काम तारखेसकट, आकड्यांसकट लिहिलं तर तोच तिचा खरा निबंध.

मुलाखतीचा सराव गटात होऊ शकतो. महिन्यातून एकदा बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं द्या. मुलीने उभं राहून आधी मराठीत, मग इंग्रजीत आपल्या गावाबद्दल बोलायचं. "आम्हाला कुठे इंग्रजी कळतं?" असं म्हणू नका. मान खाली घालून बोलते आहे का, मध्येच अडखळून गप्प होते का, प्रश्न न कळल्यावर "परत सांगाल का" असं विचारते का, हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. पंधरा बायांसमोर बोललेली मुलगी तीन परीक्षकांसमोर घाबरत नाही.

पैसे मागणाऱ्यापासून सावध

निवड करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबायचं. पैसे भरून जायचे एक्स्चेंज कार्यक्रमही असतात, ते बेकायदा नाहीत, पण ती शिष्यवृत्ती नव्हे. दोन्हीतला फरक लेखी विचारायचा : "यात आम्हाला एकूण किती भरावे लागतील?" मूळ कागद कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. ओटीपी सांगायचा नाही. भारत सरकारचं संकेतस्थळ 'गव्ह डॉट इन' ने संपतं, ते पाहायचं.

गटातून कर्ज घेताना हिशोब मांडा. निवडपत्र हातात यायच्या आधीचा खर्च म्हणजे पासपोर्ट, दाखले, मुलाखतीला शहरात जाणंयेणं. एवढ्यापुरतं छोटं अंतर्गत कर्ज घ्या. निवडपत्र येण्याआधी दागिने मोडायचे नाहीत, जमीन गहाण ठेवायची नाही.

निवडपत्र आलं की करार वाचा, कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर संस्थानची नोकरी करायची अट. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा गेले आणि राहिलेलं शिक्षण पुरं केलं. प्रत्येक शिष्यवृत्तीला मुदत असते, अट असते. ती सही करण्याआधी कळली पाहिजे.

आणि नाही झाली निवड तर?

अर्ज पुष्कळ येतात आणि जागा थोड्या असतात, तेव्हा नकार येऊ शकतो. पण तोवर मुलीचे कागद जुळलेले असतात, पासपोर्ट हातात असतो, ती चारचौघांत बोलायला शिकलेली असते. हेच कागद पुढे वसतिगृहाला, कॉलेजच्या शिष्यवृत्तीला, नोकरीला लागतात. त्या मेहनतीतलं काही वाया जात नाही. मुलीला "बघ, म्हटलं होतं ना" असं मात्र ऐकवायचं नाही. पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवायची.

आता एवढं करू या. येत्या बैठकीत तीन ठराव इतिवृत्तात लिहा. एक, गटातल्या आठवीपासून पुढच्या सगळ्या मुलींची यादी. दोन, ग्रामसंघातर्फे एक दिवस कागद तपासणीचा, त्या दिवशी प्रत्येकीने फाईल घेऊन यायचं आणि नावं ताडून बघायची. तीन, शिकलेली एक मुलगी किंवा सून नेमायची, तिने दर महिन्याला संकेतस्थळं बघून नवीन जाहिराती बैठकीत वाचून दाखवायच्या.

मुलीच्या पासपोर्टच्या संमतीपत्रावर आईची सही लागते. बचत गटात येऊन आपल्यातल्या कितीतरी जणींनी अंगठा सोडून सही शिकली. आजवर ती कर्जाच्या कागदावर केली. घरात बोलणं होऊ द्या, घाई नको, भांडणही नको. पण त्या संमतीपत्रावर सही करायची वेळ आली, तर सगळं माहीत करून घेऊन करा, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही सगळं माहीत करून घेऊनच म्हणा.

आज इथेच थांबतो. नमस्कार.